पॉवरपॉइंटचा स्लाइड मास्टर, फाइल क्लायंटच्या हातात गेल्यावर

निकाल आधीच सांगून टाकते. एकदाच दाखवायचं देखणं प्रेझेंटेशन हवं असेल तर कॅनव्हा घ्या, कीनोट घ्या, फिग्मा घ्या, कशातही उत्तम काम होतं. पण क्लायंटला टेम्पलेट द्यायचं असेल, म्हणजे पुढे वर्षभर त्यांच्याच ऑफिसातली माणसं त्यात स्लाइड्स वाढवणार असतील, तर पॉवरपॉइंट आणि त्यातला स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइड्सची रचना एकाच ठिकाणी ठरवायची सोय. दुसरं काही मला तरी सापडलेलं नाही.

माझी बहुतेक कामं दुसऱ्या प्रकारची. पतसंस्था, चाकण-भोसरीकडचे सुट्या भागांचे पुरवठादार, क्लासेस, आरोग्यावर काम करणारी एक संस्था. पूर्वी मी एका लोकप्रिय ऑनलाइन टूलमध्ये डिझाइन करून त्यातून पीपीटीएक्स फाइल काढून द्यायचे. दिसायला झकास. पण फाइलच्या आत लेआउट, म्हणजे स्लाइडचा तयार साचा, हा प्रकारच नसायचा, प्रत्येक शीर्षक म्हणजे एक सुटा टेक्स्ट बॉक्स. ऑफिसातल्या माणसाने ‘नवी स्लाइड’ म्हटलं की समोर कोरं पांढरं पान. मग तो बिचारा जुनी स्लाइड डुप्लिकेट करून मजकूर पुसत बसायचा, शीर्षक दोन मिलिमीटर इकडे, लोगो तिकडे. तीन महिन्यांनी तीच फाइल माझ्याकडे परत आली की कोणी केली होती हे विचारावंसं वाटायचं. आता जवळजवळ वर्षभर सगळी टेम्पलेट्स स्लाइड मास्टरमध्येच बांधते आहे आणि परत आलेल्या फाइल्स ओळखू येतात. माझ्या लेखी परीक्षा तीच.

पॉवरपॉइंट १९८७ साली मॅकवर आलं आणि त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने ते बनवणारी फोरथॉट कंपनी विकत घेतली. एवढं जुनं सॉफ्टवेअर म्हणून डिझायनर मंडळी नाक मुरडतात. मुरडोत. क्लायंटच्या अकाउंट्स विभागातल्या कॉम्प्युटरवर तेच असतं आणि तिथे नवीन काही शिकवायला जायची सोय नसते.

मास्टरमध्ये नेमकं करायचं काय? सगळ्यात वर एक मूळ स्लाइड असते आणि तिच्याखाली लेआउट्स. नव्या कोऱ्या फाइलमध्ये असे अकरा येतात. त्यातले निम्मे कोणी कधी वापरत नाही, ते मी उडवते. उरलेल्यांना मराठी नावं देते: ‘विभागाचं पान’, ‘दोन रकाने’, ‘तक्ता’, ‘फोटो पूर्ण पान’, ‘संचालक मंडळ’. प्लेसहोल्डरमधला, म्हणजे मजकुरासाठी राखलेल्या चौकटीतला, सूचनेचा मजकूरही बदलता येतो. ‘क्लिक टू ॲड टायटल’च्या जागी ‘शीर्षक, जास्तीत जास्त दोन ओळी’ लिहिलं की लोक खरंच दोन ओळींत बसवतात. इतक्या साध्या गोष्टीचा इतका परिणाम होईल असं वाटलं नव्हतं.

रंगांबाबत थोडं सविस्तर सांगते, कारण बरीच टेम्पलेट्स इथेच गळतात. थीममध्ये, म्हणजे फाइलच्या रंग-फॉन्टच्या संचात, रंगांच्या बारा जागा असतात: दोन गडद, दोन फिके, सहा ॲक्सेंट आणि लिंकचे दोन. सहा ॲक्सेंट हे नुसते आवडीचे सहा रंग नव्हेत, त्यांच्या क्रमाला अर्थ आहे. कोणीही चार्ट टाकला की पहिली मालिका पहिला ॲक्सेंट उचलते, दुसरी दुसरा. पतसंस्थेच्या अहवालात पहिली मालिका बहुधा चालू वर्षाच्या ठेवींची किंवा कर्जांची. तिथे ब्रँडबुकातला (संस्थेच्या ठरलेल्या रंग-लोगोच्या पुस्तिकेतला) फिका पिवळा बसवला असेल तर कार्यालयातल्या प्रोजेक्टरवर मुख्य आकडाच दिसेनासा होतो. म्हणून पहिल्या दोन जागी गडद आणि एकमेकांपासून चटकन वेगळे ओळखू येणारे रंग, फिके शेवटी. लिंकचे दोन रंग तर हमखास विसरले जातात. मग गडद हिरव्या पट्टीवर निळ्या अक्षरांत ईमेल पत्ता.

आता मराठीचं. इंग्रजीतल्या परीक्षणांत हा भाग सापडत नाही आणि माझा सर्वात जास्त वेळ यातच गेला.

थीममध्ये शीर्षकाचा एक आणि मजकुराचा एक असे दोन फॉन्ट असतात, असं आपण समजतो. प्रत्यक्षात त्या दोन्हींच्या आत तीन-तीन कप्पे आहेत: लॅटिन, पूर्व आशियाई आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट. देवनागरी जाते तिसऱ्या कप्प्यात. तुम्ही थीममध्ये पॉपिन्स निवडलात तर तो लॅटिन कप्प्यात बसतो. पॉपिन्समध्ये देवनागरी उत्तम आहे, पण मराठी टाइप केलं की अक्षरं वेगळीच उमटतात. ऑफिसच्या नेहमीच्या थीम फाइलमध्ये लिपीनुसार फॉन्टची एक यादी असते आणि त्यात देवनागरीसमोर ‘मंगल’ लिहिलेलं असतं. मजकूर सिलेक्ट करून हाताने फॉन्ट बदलला तर ती स्लाइड सुधारते, पुढची नवी स्लाइड पुन्हा मंगलमध्ये.

यावर माझा उपाय जरा कारागिरीचा आहे. २००७ पासूनची पीपीटीएक्स फाइल ही मुळात झिप फाइल असते. तिची एक प्रत काढायची, एक्स्टेन्शन बदलून झिप करायचं, थीमच्या फोल्डरमधली एक्सएमएल फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडायची आणि शीर्षक व मजकूर दोन्हींसाठी कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा कप्पा आणि देवनागरीची नोंद बदलायची, मग एक्स्टेन्शन परत पीपीटीएक्स करायचं. पाच मिनिटांचं काम. त्यानंतर क्लायंट कुठेही मराठी टाइप करो, हवा तोच फॉन्ट येतो. मास्टर एकापेक्षा जास्त असतील तर थीमच्या फाइलीही तितक्याच असतात, हे ध्यानात ठेवा.

मंगल वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. विंडोज २००० पासून त्याने देवनागरीचं ओझं वाहिलं. पण विंडोज १० पासून तो जादा घ्यायच्या फॉन्ट-संचात गेला, निर्मला आला तो विंडोज ८ मध्ये, मॅकवर कोहिनूर देवनागरी. फॉन्ट नक्की केलेला नसला की एकच फाइल तीन ऑफिसांत तीन चेहऱ्यांनी उघडते.

सध्या मी बहुतेक ठिकाणी ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट वापरते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा, सात वजनांचा (बारीक ते जाड), खुल्या परवान्याचा. लॅटिन अक्षरं त्याच फॉन्टात असल्यामुळे ‘एनपीए’ रोमनमध्ये लिहिलं तरी ओळीत उपरं वाटत नाही. क्लासेससाठी त्यांचाच बालू. एका संस्थेचा आग्रह होता की ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचेच हवेत, हिंदी वळणाचे चालणार नाहीत. आग्रह रास्तच होता. तिथे शीर्षकांना तिरो देवनागरी मराठी लावला. तो मराठी वळणासाठीच केलेला आहे. फॉन्ट उतरवताना व्हेरिएबल फाइल (सगळी वजनं एकाच फाइलमध्ये असलेली) घेऊ नका, पॉवरपॉइंटला ती नीट पचत नाही. ‘स्टॅटिक’ फोल्डरमधल्या टीटीएफ फाइल्स घ्या.

फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करताना, म्हणजे फाइलच्या आतच साठवताना, दोन पर्याय येतात: फक्त वापरलेली अक्षरं किंवा सगळी अक्षरं. टेम्पलेटसाठी नेहमी दुसरा. पहिल्याने फाइल हलकी होते, पण क्लायंटने उद्या नवं जोडाक्षर टाइप केलं तर ते फाइलमध्ये असेलच असं नाही. गूगल स्लाइड्स हे एम्बेड केलेले फॉन्ट वाचत नाही. मात्र मुक्त, पॉपिन्स, बालू गूगलच्या संग्रहातच असल्याने तिकडेही फाइल बरी उघडते. फॉन्ट निवडताना माझ्या दृष्टीने हे मोठं कारण.

ओळींमधल्या अंतराची एक खोच. ऑफिसच्या थीममध्ये ते ९० टक्के असतं, आणि हे टक्के ज्या-त्या फॉन्टच्या मूळ उंचीवर मोजले जातात. मुक्तची मूळ उंची भरपूर आहे. म्हणून त्याचे ९० टक्के आणि एरियलचे ९० टक्के यांत बराच फरक पडतो. फॉन्ट कुठे बदलला गेला की शीर्षक खाली घसरतं. यासाठी शीर्षकांना मी टक्क्यांऐवजी पॉइंटांत पक्कं अंतर देते. ३२ पॉइंटच्या अक्षराला ४२ ते ४४. त्याहून आवळलं तर वरच्या ओळीतले उकार खालच्या रफार-वेलांट्यांना भिडतात. शिवाय मजकूर आपोआप लहान करणारी ऑटोफिटची सोय मास्टरमध्येच बंद. नाहीतर एका स्लाइडवर अक्षर २४, पुढच्यावर १७.

आकड्यांचं दुखणं वेगळं. चार्टच्या लेबलांत लाख-कोटींचे स्वल्पविराम हवे असतील तर कस्टम नंबर फॉरमॅटमध्ये अटी घालून ते जमतं. पण अशा फॉरमॅटमध्ये अटी दोनच घालता येतात. एक कोटीसाठी, दुसरी लाखासाठी खर्च झाली की ऋण आकडे उरलेल्या साध्या फॉरमॅटमध्ये जातात आणि तोटा मिलियनच्या चालीत छापला जातो. आता मी सरळ एक्सेलमध्येच लाखाने भागते आणि वर ‘रक्कम रु. लाखांत’ लिहिते. सभासदांना छापील अहवालात तेच वाचायची सवय असते.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकायच्या असल्याने ऑगस्टपासून गर्दी उसळते आणि मजकूर येतो थेट छापखान्यातून, श्रीलिपीत टाइप केलेला. तो युनिकोड नसतो, स्लाइडवर चिकटवला की चिन्हांची रांगोळी. कन्व्हर्टरमधून काढायचा आणि मग रफार, जोडाक्षरं डोळ्यांत तेल घालून तपासायची. यात स्लाइड मास्टर काहीही मदत करत नाही. कोटेशनमध्ये याचा वेळ धरा.

संचालक मंडळाच्या पानावर मात्र तो कामाला येतो. पिक्चर प्लेसहोल्डर फोटोला आपोआप कापून चौकटीत बसवतो, पण कापतो मध्यावरून. उभा पासपोर्ट फोटो आडव्या चौकटीत टाकला की अध्यक्षांचा सदरा ठळक आणि कपाळ गायब. त्यामुळे तिथे चौकटी उभ्याच ठेवते. सगळ्या सारख्या मापाच्या, अध्यक्षांची किंचित मोठी. किती मोठी, हे क्लायंटशी आधी बोलून घ्या. यावर वाद झालेले पाहिले आहेत.

जे जमत नाही तेही लिहिते. दुसऱ्या फाइलमधली स्लाइड ‘मूळ फॉरमॅटिंग ठेवा’ म्हणून चिकटवली की तिचा अख्खा मास्टर सोबत येतो. काही महिन्यांत फाइलमध्ये परक्या मास्टरांची गर्दी होते, फाइल फुगते, आणि लेआउटची यादी उघडली की आपलं ‘तक्ता’ शोधावं लागतं. हे रोखायची सोय टेम्पलेट बनवणाऱ्याच्या हातात नाही. मॉर्फ ट्रान्झिशन, म्हणजे एका स्लाइडवरच्या गोष्टी सरकत-बदलत पुढच्या स्लाइडवर जाणं, सुरेख आहे, पण २०१३ च्या किंवा त्याआधीच्या आवृत्तीत त्याचं साधं फेड होतं. म्हणून अर्थ समजायला मॉर्फ लागेल अशी स्लाइड मी करत नाही. चित्रं, आयकॉन पॉवरपॉइंटमध्ये काढायचा हट्ट धरू नका. इंकस्केप किंवा इलस्ट्रेटरमध्ये करून एसव्हीजी आणा, म्हणजे थीमचा रंगही देता येतो.

फाइल पीओटीएक्स, म्हणजे पॉवरपॉइंटची टेम्पलेट फाइल, म्हणूनच द्या. ती डबल-क्लिक केली की नवी, बिननावाची प्रत उघडते आणि मूळ टेम्पलेट शाबूत राहतं. पीपीटीएक्स दिलीत तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी त्याच्यावर ‘सप्टेंबर सभा फायनल’ सेव्ह करणार.

पैशांबाबत विचारणाऱ्यांसाठी: टेम्पलेटचा दर मी वेगळा लावते, जुन्या स्लाइड्स त्यात आणून देण्याचा दर स्लाइडमागे वेगळा. सोबत फाइल प्रत्यक्ष हाताळणाऱ्या माणसासोबत तासभराचा व्हिडिओ कॉल असतो, साहेबांसोबत नव्हे. त्या तासात दोनच गोष्टी शिकवते: नवी स्लाइड यादीतून निवडून घेणं, आणि काही विस्कटलं की ‘रीसेट’ दाबणं.