ऑफिस लांब गेलं: प्रवासभत्ता मागावा की घरून काम?

आधी वेळ मोजा. एका बाजूचा प्रवास ४० मिनिटांवरून ९० वर गेला, तर पाच दिवसांच्या आठवड्याचे ४०० मिनिटांचे ९०० होतात. भत्त्याने यातलं एक मिनिटही परत मिळत नाही. दोन दिवस घरून काम केलं तरी ५४० मिनिटं जातातच. पूर्वीपेक्षा कमी हवी असतील तर तीन दिवसच मागावे लागतात. बरेच जण इथेच चुकतात, दोन मागतात आणि एकावर तडजोड करतात.

पैशाचं म्हणाल तर भत्ता सरळ आहे, पण तो बहुधा करपात्र ठरतो. वेगळा भत्ता सहज बंद होतो, म्हणून मूळ पगारात वाढ मागा.

घरून कामाची सवलत त्याहून कच्ची. साहेब बदलले की तोंडी कबुली विरते. ठरलेले वार, संपर्काची वेळ आणि तीन महिन्यांनी आढावा, हे ईमेलवर लेखी घ्या.

मुलं लहान असतील किंवा घरी आजारी माणूस असेल तर घरून कामाचे दिवसच मागा. काम जागेवरच करावं लागत असेल, किंवा जवळ घर घ्यायचा विचार असेल, तर पगारवाढ.