बीबीसी मायक्रो मॉडेल बी: ब्रेक दाबल्यावर काय उरतं

चतुर्थीच्या सुट्टीत म्हापशातून एक जुना बीबीसी मायक्रो, म्हणजे ऐंशीच्या दशकातला ब्रिटिश कॉम्प्युटर, घेतला. पावसाळी दमट हवेत बरीच वर्षं पडून असल्यामुळे ब्रेकचं बटण दाबलं की खालीच अडकायचं. टोपण काढून स्पिरिटने पुसलं, मोकळं झालं. मला आधी तेच बटण चालायला हवं होतं.

१९८४ साली शाळांत कॉम्प्युटर शिकवायची सरकारी 'क्लास' योजना निघाली आणि शाळाशाळांत हे कॉम्प्युटर येऊ लागले. मी तेव्हा फोंड्याला गणित शिकवत होते. तांबड्या फंक्शन बटणांची ओळ संपते तिथे, एफ९ ला खेटून ब्रेक. आठवीतल्या एका मुलीने तासभर बसून पाढ्यांची प्रश्नमंजुषा टाईप केली आणि एफ९ दाबायला जाऊन बोट ब्रेकवर पडलं. स्क्रीन कोरी! पोरीच्या डोळ्यांत पाणी. "आता कशालाच हात लावू नकोस," म्हटलं आणि तिच्याकडूनच 'ओल्ड' टाईप करून घेतलं. मग प्रोग्राम दाखवणारं 'लिस्ट'. सगळ्या ओळी हजर. फक्त पहिल्या ओळीचा नंबर १००० होता, तो २३२ झालेला.

हे असं का, ते समजलं त्या दिवसापासून या यंत्रावर माझा जीव आहे. ब्रेकनंतर बेसिक (यंत्रातली प्रोग्राम लिहायची भाषा) तुमचा प्रोग्राम पुसत नाही. ओळीचा नंबर दोन बाइटांत असतो: वरच्यात २५६ चे किती पट, खालच्यात उरलेले. पहिल्या ओळीच्या वरच्या बाइटवर 'इथे संपलं' अशी खूण तेवढी करतं. ओल्ड त्या जागी शून्य ठेवतं. नंबर २५५ पर्यंतचा असेल तर तिथे मुळात शून्यच असतं. १००० मधून मात्र ७६८ (तीन वेळा २५६) गळतात. म्हणून मी मुलांना पहिली ओळ १० नंबरचीच घालायला लावायची. ओल्डच्या आधी प्रोग्रामची नवी ओळ टाईप केलीत, तर मात्र प्रोग्राम हातचा गेला म्हणून समजा.

प्रोग्राम थांबवणारं एस्केपचं बटण प्रोग्राममध्येच 'ऑन एरर' या आज्ञेने अडवता येतं. ब्रेकची तार थेट रिसेटला जाते, त्यामुळे कॉम्प्युटर अडकून पडला तरी ते चालतं. पण त्यावरही सोय आहे. '*की १० ओल्ड|एम रन|एम' अशी ओळ दिली (१० म्हणजे ब्रेकचं बटण, |एम म्हणजे रिटर्न) की ब्रेक दाबताच प्रोग्राम आपोआप परत सुरू होतो. शिवाय ए% ते झेड% या नावांत ठेवलेले पूर्णांक ब्रेकनंतरही टिकतात. गुण एस% मध्ये ठेवा, मुलाचे सात गुण सातच राहतील. सुरुवातीलाच एस% शून्य करणारी ओळ तेवढी घालू नका. कंट्रोल धरून ब्रेक दाबलंत तर बटणाला दिलेली ती व्याख्या जाते.

बाकी कीबोर्ड दणकट, ३२के मेमरी शाळेच्या कामाला पुरते. घेणार असाल तर विकणाऱ्यासमोरच चार ओळी टाईप करा, ब्रेक दाबा, ओल्ड द्या आणि लिस्ट बघूनच पैसे मोजा.