मिटुटोयोचा ६ इंची डिजिटल कॅलिपर, नागदेवीतून घेतलेला, दीड वर्ष वापरून

आमची लेक शिवाजी पार्कला सावरकर स्मारकाच्या रेंजवर एअर रायफल मारते, मी स्वतः वागळे इस्टेटला बारा वर्षं क्यूसीत, म्हणजे मालाची तपासणी करणाऱ्या खात्यात, काढलीत, त्यामुळे घरात मोजायला काहीतरी हवंच असतं. आधी ऑनलाइन एक बिनानावाचा कॅलिपर (जबड्यात वस्तू धरून लांबी-जाडी मोजायचं साधन) घेतलेला, सहाशे रुपयांत. दिसायला छान, पण जबडे मिटवले की कधी ०.०० तर कधी ०.०३, आणि बंद करून ठेवला तरी दोन महिन्यांत सेल खलास. तरी चालवून घेत होते.

मग टेक्सासच्या दादाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, किस्सा झाला आणि त्याच आठवड्यात नागदेवी, म्हणजे मुंबईतला अवजारांचा बाजार, गाठली. तिकडे लोक घरी काडतुसं भरतात, म्हणजे रिकाम्या पितळी केसमध्ये दारू आणि बुलेट बसवून स्वतः तयार करतात, कायद्याने चालतं (आपल्याकडे अजिबात नाही हं, १९५९ च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे काडतूस बनवायला लायसन लागतं, उगाच कुणी नाद करू नका). दादाकडे एआर-१५ रायफल आहे, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी उडाली की पुढची आपोआप आत घेणारी, तिच्यासाठी तो .२२३ मापाची काडतुसं भरतो. त्यात काडतुसाची टोकापासून बुडापर्यंतची लांबी जास्तीत जास्त २.२६० इंच, म्हणजे ५७.४ मिमी. एकेक गोळी हाताने घालायच्या बोल्टवाल्या रायफलला (बोल्ट म्हणजे गोळी नळीत ढकलणारा दांडा) लोक बुलेट थोडी बाहेर ठेवून रायफलिंगच्या, म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांच्या, जवळ नेतात, अचूकता वाढते म्हणून, पण सेमी-ऑटोला ती चैन नाही कारण तिथे पहिला मालक मॅगझिन, त्या डब्यात जे मावेल तेच खरं. दादाकडेही माझ्यासारखाच स्वस्तातला कॅलिपर होता, भरता भरता मध्येच झिरोने उडी मारली, याच्या लक्षात आलं नाही, आणि पन्नासेक काडतुसं अर्धा मिलिमीटर लांब झाली. मॅगझिनमध्ये टोकं पुढच्या भिंतीला घासायला लागली आणि रेंजवर दर तिसऱ्या-चौथ्या गोळीला रायफल अडकायची. रात्री फोनवर मला म्हणाला, अगं रायफल खोलून साफ केली, स्प्रिंग बदलली, सगळं करून झालं आणि चोर निघाला कॅलिपर!

क्यूसीतल्या माणसाला हे ऐकून झोप कशी लागणार.

तर आता वस्तूबद्दल. मस्जिद बंदरला उतरून चालत गेले, तीन दुकानं फिरले, सात हजारांच्या थोडं आत मिळाला, पक्क्या बिलासकट. दुकानदार काकांनी काउंटरवरच दहा वेळा उघडमीट करून बघू दिलं, न कुरकुरता, हे मला फार आवडलं. दहाही वेळा ०.००. जबडे मिटवून ट्यूबलाइटकडे धरून बघा, मधून उजेडाची रेघ दिसली तर तो पीस घेऊ नका. घरी आल्यावर जुन्या कंपनीतल्या मैत्रिणीकडून २५ मिमीचा स्लिप गेज (अचूक मापाचा पोलादी ठोकळा) आणला, नऊ वेळा २५.०० आणि एकदा २५.०१. बंद करून चालू केला तरी झिरो जागेवर राहतो, हाच याचा जीव आहे, आणि सेल दीड वर्षात अजून बदललेला नाही.

दादानेही मग तिकडे हाच घेतला. आता तो काय करतो ते सांगते, मला ते फार पटलंय. मॅच बुलेटची, म्हणजे स्पर्धेसाठीच्या बुलेटची, टोकं एकसारखी नसतात, त्यामुळे टोकापासून मोजलं तर एकाच लॉटमध्ये आकडे नाचतात, म्हणून जबड्याला एक छोटा कंपॅरेटर (भोकाचा जोडतुकडा) लावून बुलेटचा जो भाग रायफलिंगला टेकतो तिथपासून मोजतो. दुसरं म्हणजे काडतूस मोजायचं, मॅगझिनमधून बोल्टला जोरात चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागी) घेऊ द्यायचं, न उडवता बाहेर काढायचं आणि परत मोजायचं. लांबी कमी भरली तर बोल्टच्या धक्क्याने बुलेट आत सरकलीय, म्हणजे केसच्या मानेची पकड ढिली. बुलेट आत गेली की आतली जागा कमी होते आणि प्रेशर वाढतं, हे धोक्याचं. लांब झालं की अडकतं एवढंच सगळे बघतात, आखूड झाल्याचं कुणी बघत नाही. हा फरक पकडायचा तर रोज तोच आकडा दाखवणारं हत्यार लागतं, नुसतं दोन दशांश दाखवणारा डिस्प्ले असून उपयोग नाही.

पण रेंजवरच्या आईबाबांना एक गोष्ट स्पष्ट सांगते, एअर रायफलचे छर्रे निवडायला म्हणून हा घेऊ नका. डब्यांवर ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असं छर्ऱ्याच्या डोक्याचं माप असतं, एका-एका शतांशाचा फरक, आणि या कॅलिपरची स्वतःचीच चूक ०.०२ पर्यंत जाऊ शकते. वर शिसं मऊ, जबडा जरा जोरात दाबला की छर्राच चेपतो, मी करून बघितलंय, एकाच छर्ऱ्याचे तीन वेगळे आकडे आले. छर्रे निवडायचे तर रायफल शिकंज्यात पकडून प्रत्येक डब्यातले दहा-दहा मारायचे आणि भोकांचा घोळका मोजायचा. तिथे हा कामाला येतो. बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत माप घ्या आणि छर्ऱ्याचे ४.५ वजा करा. १० मीटरला दहा गुणांचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळे घोळका बाहेरून बाहेर ६.१ आला की ६.८ हे लेकीला कागदावर दाखवता येतं. आमच्या रायफलला ४.५० चा डबा लागू पडला, शेजारच्या मुलाच्या त्याच मॉडेलला ४.४९, म्हणून दुसऱ्याचं बघून डबे भरून ठेवू नका.

पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, घामाचा हात लागला की जबडे पुसून ठेवा. हा पाण्यात चालणारा नाही, तसला हवा असेल तर वेगळं मॉडेल मागा, ते महाग पडतं. पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो किमतीसाठी.