अर्ज भावाचा, पासवर्ड एजंटाचा

माझा धाकटा भाऊ मेकॅनिकल इंजिनिअर आहे. एमएससाठी त्याला जर्मनीच हवी होती, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते. आमचे वडील, अण्णा, यंत्रमाग कारखान्यात जॉबर आहेत. वीस-तीस लाखांचं कर्ज काढायची आमची ऐपत नाही, हे सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका कन्सल्टन्सीत पहिल्याच भेटीत सांगितलं होतं. तिथला माणूस अण्णांना म्हणाला, "मालक, सरकारीच बघू. पोरगं विमानात बसलं म्हणून समजा."

दोन हप्त्यांत ८५,००० रुपये घेतले. पावतीवर फक्त 'मार्गदर्शन शुल्क'. कुठल्या विद्यापीठांत अर्ज करणार, त्याची यादी कुठेच नाही. एपीएस (शैक्षणिक कागदपत्रं तपासून मिळणारं प्रमाणपत्र) आणि युनि-असिस्ट (अनेक जर्मन विद्यापीठांसाठी अर्ज घेणारी संस्था) यांचा खर्च यातच आहे, असं तोंडी सांगितलं. भावाच्या नावाने नवा ईमेल त्या एजंटानेच उघडला आणि पासवर्ड स्वतःकडे ठेवला. "डेडलाइन चुकू नये म्हणून," म्हणाला. मूळ गुणपत्रिकाही ठेवून घेतल्या.

हा ईमेलच सगळ्या फसवणुकीचं मूळ आहे. विद्यापीठाचं उत्तर, अर्ज क्रमांक, नकार, होकार, सगळं तिथेच येतं. तो हातात नसला की समोरचा सांगेल तेच खरं. आम्हाला सांगितलं गेलं की पाच सरकारी विद्यापीठांनी नकार दिला, पण एका खासगी विद्यापीठाची ऑफर आली आहे, सीट धरायला लगेच पैसे भरा. खासगी विद्यापीठं एजंटांना कमिशन देतात. फी नसलेल्या ठिकाणी त्याला काय मिळणार होतं?

पैसे भरायच्या आधीच भावाला कॉलेजातून बोलावणं आलं. त्या खासगी विद्यापीठाने पडताळणीसाठी विभागप्रमुखांच्या अधिकृत पत्त्यावर ईमेल पाठवला होता. सरांनी प्रिंट पुढे ठेवली. "हे शिफारसपत्र मी कधी लिहिलं?" खाली सरांचं नाव, सही आणि त्यांच्या नावाने उघडलेला एक जीमेल पत्ता. भाऊ तिथे उभा राहून रडला. चार वर्षं ज्यांच्या हाताखाली शिकला, त्यांच्या नजरेत तो खोटारडा ठरत होता. सरांनी शांतपणे ऐकून घेतलं, हे त्यांचे उपकार. बनावट पत्र उघडकीस आलं की मिळालेला प्रवेशही रद्द होऊ शकतो, आणि तो एजंटाचा नाही, मुलाचा जातो.

मग भावाने स्वतःच्या ईमेलवरून त्या पाचही विद्यापीठांना विचारलं. ज्यांची उत्तरं आली, त्यांच्याकडे या नावाचा अर्जच नव्हता. नकाराची पत्रं त्या ऑफिसातच तयार झाली होती. एपीएसचाही अर्ज नव्हता. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना जर्मन स्टुडंट व्हिसासाठी हे प्रमाणपत्र लागतं. हिवाळी सत्रासाठी बऱ्याच ठिकाणी १५ जुलै ही शेवटची तारीख असते, तीही उलटली होती. पैशांपेक्षा ते वर्ष गेलं याचा मला जास्त राग आहे.

खरा खर्च किती, तेही लिहिते. आम्ही स्वतः भरला तेव्हा एपीएसला १८,००० रुपये लागले. युनि-असिस्टला पहिल्या अर्जाला ७५ युरो, त्याच सत्रातल्या पुढच्या प्रत्येकाला ३०. काही विद्यापीठं थेट स्वतःच्या पोर्टलवर अर्ज घेतात. अभ्यासक्रमांची यादी डाड (DAAD) या विद्यार्थी देवाणघेवाणीच्या जर्मन संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. हे सगळं विद्यार्थी घरी बसून करू शकतो; भाऊ आता तेच करतोय, आणि शिफारसपत्र सरांनी स्वतः लिहून दिलंय.

गुणपत्रिका परत मिळाल्या, त्याही पोलिसात जातो म्हटल्यावर. पैसे नाहीत. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे दाखल करायची फी नाही, आणि १९१५ या हेल्पलाइनवर आधी माहिती मिळते. फसवणुकीचा अर्ज पोलीस ठाण्यातही दिला आहे. त्याच ऑफिसात पैसे भरलेले आणखी दोन पालक आमच्यासोबत आले आहेत. सोलापुरात अजून कुणाकडे अशी नुसत्या 'मार्गदर्शन शुल्का'ची पावती असेल, तर ती आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जपून ठेवा, आणि मुलाच्या अर्जाचा क्रमांक आजच मागा.