कुस्कोत कोणी 'सगळं धरून' म्हणालं, तर आधी ते कागदावर घ्या

पेरूतलं कुस्को म्हणजे माचू पिच्चू या जुन्या इन्का नगरीला जाण्याआधीचा मुक्काम. तिथे पाकीटमार आहेतच, पण पर्यटकाचे मोठे पैसे जातात ते पावती हातात घेऊन. तिकीट बहुतेकदा खरं असतं. फक्त तोंडी जे सांगितलं, ते त्या तिकिटात नसतं.

शहर ३,४०० मीटर उंचीवर आहे. विमानातून उतरलेल्या माणसाचं पहिल्या दिवशी डोकं जड असतं, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. प्लाझा दे अर्मास या मुख्य चौकाच्या कमानींखाली फोटोंची फाईल घेऊन उभा असलेला एजंट त्याला नेमका तेव्हाच गाठतो. माचू पिच्चू, परवा, रेल्वे, बस, तिकीट, गाईड, सगळं धरून अमुक डॉलर. पैसे रोख. पावतीवर दोनच गोष्टी असतात : 'माचू पिच्चू टूर' आणि रक्कम.

पहिला घोटाळा प्रवेशाच्या तिकिटात होतो. माचू पिच्चूचं एकच एक तिकीट नसतं. २०२४ पासून तिथे तीन सर्किट, म्हणजे ठरवून दिलेल्या फेऱ्या, आहेत आणि त्यांत मिळून दहा मार्ग. तिकिटावर छापलेल्या मार्गाव्यतिरिक्त दुसरीकडे जाता येत नाही आणि एकदा बाहेर पडलं की पुन्हा आत सोडत नाहीत. सर्किट १ म्हणजे वरच्या बाजूची गच्ची. कॅलेंडरवर असतो तो फोटो इथून मिळतो, पण खालच्या नगरीत पाऊल पडत नाही. सर्किट ३ खालच्या भागातून फिरवतं, तिथून तो फोटो मिळत नाही. दोन्ही हवं असेल तर सर्किट २, आणि तेच सगळ्यांत आधी संपतं. एजंट 'क्लासिक' म्हणून पैसे घेतो आणि जे शिल्लक असेल ते, म्हणजे बऱ्याचदा १-बी किंवा ३-बी, हातात ठेवतो. फाटकावर पोचेपर्यंत हे कळत नाही, आणि तिथला कर्मचारी काही करू शकत नाही. परदेशी प्रौढाचं साधं तिकीट १५२ सोल, वायना पिच्चूचा डोंगर धरून २०० सोल. एक सोल साधारण २५ रुपयांचा धरा. म्हणजे पॅकेजच्या किमतीत तिकिटाचा वाटा किती, हे स्वतःच काढता येतं.

तिकीट नावावर आणि पासपोर्ट क्रमांकावर निघतं, आणि प्रवेशाला मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. 'कोणाचं तरी रद्द झालेलं तिकीट आहे, देतो' म्हणणारा सरळ खोटं बोलतो आहे. पासपोर्ट नव्याने काढला असेल आणि तिकीट जुन्या क्रमांकावर असेल, तर जुना पासपोर्टही सोबत ठेवा. ऑनलाइन घ्यायचं तर संस्कृती मंत्रालयाचं 'तू बोलेतो' हे एकच अधिकृत संकेतस्थळ आहे, त्याच्या पत्त्याचा शेवट 'कल्तुरा डॉट पे' असा होतो. शोधल्यावर सर्वांत वर जाहिराती दिसतात त्या दलालांच्या. दिसायला सरकारी, दर चढा. ऑनलाइन संपलं म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. रोजची १,००० तिकिटं माचू पिच्चूच्या पायथ्याच्या आग्वास कालिएन्तेस गावातल्या कार्यालयात समोरासमोर विकली जातात. पासपोर्ट घेऊन स्वतः जायचं, रांगेचा क्रमांक घ्यायचा, मग आपली पाळी आली की बहुधा दुसऱ्या दिवसाचं तिकीट मिळतं. हाताशी एक जादा दिवस असेल तरच या भरवशावर राहा. सर्किट निवडायला मिळेलच असं नाही.

दुसरा घोटाळा वाटेत. कुस्कोहून आग्वास कालिएन्तेसला मोटारीचा रस्ताच नाही. 'गाडीने माचू पिच्चू' असं स्वस्तात विकतात, त्यात व्हॅन सहा-सात तास घाटातून हिद्रोएलेक्त्रिका नावाच्या ठिकाणापर्यंत जाते आणि पुढचे १० किलोमीटर रुळांच्या कडेने पायी. तरुणांना हा मार्ग आवडतोही. पण ज्येष्ठांना घेऊन आलेल्या कुटुंबाला हे व्हॅनमधून उतरल्यावर समजणं वाईट. रेल्वे चालवणाऱ्या कंपन्या दोनच, पेरूरेल आणि इन्का रेल. तिकीट कुस्कोहून आहे की वाटेतल्या ओयान्तायताम्बो गावाहून, हे नीट वाचा. दोन्हींमध्ये व्हॅनने दोनेक तासांचं अंतर आहे आणि ती व्हॅन कोण देणार, यावर वाद होतात. परतीची गाडी रात्री उशिराची असते, ओयान्तायताम्बोच्या फाटकाबाहेर नावाची पाटी घेऊन कोणी उभं नसतं, आणि मग जी व्हॅन मिळेल ती मागेल ते द्यावं लागतं. आग्वास कालिएन्तेसहून वर जाणाऱ्या बसचंही विचारा. एका बाजूचेच सुमारे १२ डॉलर होतात, आणि 'सगळं धरून'मध्ये नेमकी तीच धरलेली नसते.

इन्का ट्रेल, म्हणजे माचू पिच्चूला पायी जाणारी चार दिवसांची वाट, तिथली फसवणूक ओळखणं तर फारच सोपं आहे. रोज ५०० परवाने, त्यांत हमाल आणि गाईडही आले. परवाना पासपोर्टवर, हस्तांतरणीय नाही, फक्त परवानाधारक कंपनीमार्फत, आणि फेब्रुवारीत वाट बंद. मोसमात हे परवाने महिनोन्महिने आधी संपतात. चौकात उभं राहून 'चार दिवसांचा इन्का ट्रेल, उद्यापासून' म्हणणारा दुसऱ्याच कुठल्या तरी वाटेने नेणार आहे. साल्कान्ताय चांगलीच वाट आहे, पण मग त्या नावाने आणि त्या भावाने विका ना!

पावतीवर म्हणून एवढं लिहून घ्यायचं : सर्किट आणि मार्गाचा क्रमांक, प्रवेशाची वेळ, रेल्वेचं स्थानक आणि गाडीची वेळ दोन्ही बाजूंची, बस आहे की नाही, कुस्कोला परत कोण सोडणार. लिहून देत नसेल तर उठा. शेजारी दुसरं दुकान आहे.

शहरात आणि भोवताली जे 'बोलेतो तुरिस्तिको', म्हणजे अनेक ठिकाणांचं एकत्र तिकीट, लागतं, त्यातही गफलत करून घेतात. पूर्ण तिकीट १३० सोल, दहा दिवस, सोळा ठिकाणं. तुकड्यातलं ७० सोल. साक्सायवामान, केन्को, पुका पुकारा, ताम्बोमाचाय यांचा एक तुकडा फक्त एका दिवसाचा. पिसाक, ओयान्तायताम्बो, चिन्चेरो, मोराय यांचा, म्हणजे 'पवित्र खोऱ्या'चा, दुसरा, दोन दिवसांचा. ज्याला फक्त खोरं बघायचं त्याच्या गळ्यात पूर्ण तिकीट मारतात. यावर नाव असतं, त्यामुळे दुसऱ्याचं वापरलेलं अर्ध्या किमतीत घेऊ नका. यात माचू पिच्चू नाही, कॅथेड्रल नाही, मारासची मिठागरं नाहीत. कोरिकान्चा या इन्कांच्या सूर्यमंदिराचं फक्त बागेखालचं संग्रहालय येतं. इन्कांच्या त्या सुप्रसिद्ध भिंती मंदिरावर बांधलेल्या सान्तो दोमिन्गो मठात आहेत, तिथलं तिकीट निराळं.

खोऱ्याच्या एका दिवसाच्या स्वस्त सहलीत पैसे लुटत नाहीत, वेळ लुटतात. पिसाकला चांदीचं दुकान, चिन्चेरोला लोकर रंगवण्याचं प्रात्यक्षिक, आणि अवशेषांना उरलेली चाळीसेक मिनिटं. दुकानात गाईडचं कमिशन असतं. साक्सायवामानकडे जाणारा टॅक्सीवाला मध्येच घोड्यांच्या तबेल्यावर थांबवतो, तोही त्यासाठीच. 'तिकडे घोड्यावरून चार ठिकाणं' सांगून चंद्राच्या मंदिराकडे नेतात, जिथे तसंही तिकीट लागत नाही.

विनिकुंका, म्हणजे सप्तरंगी डोंगर, ५,००० मीटरच्या वर आहे. तिथला प्रवेश गावकरी घेतात आणि तो सहलीच्या किमतीत बहुधा नसतो. घोड्याचं भाडं ठरवताना येण्या-जाण्याचं मिळून का, हे आधी बोला. घोडा अगदी माथ्यापर्यंत जात नाही, शेवटचा चढ पायीच आहे. कुस्कोत आल्याच्या दुसऱ्या दिवशी इथे येऊ नका, एजंट काहीही म्हणो.

बाजारातलं 'बेबी अल्पाका' स्वेटर पन्नास सोलला मिळत असेल तर ते अॅक्रिलिक. खरी लोकर हाताला गार लागते, वजनदार असते आणि फार चकाकत नाही. सान ब्लास या कुस्कोतल्या वस्तीत 'मी कलेचा विद्यार्थी' म्हणून जलरंग विकणारे बरेचदा छापील प्रती विकतात. इन्कांच्या भिंतीतल्या बारा कोनांच्या दगडाजवळ इन्का राजाच्या पोशाखातला माणूस किंवा कोकरू कडेवर घेतलेली बाई फोटोत आली, की पैसे द्यायचे. रक्कम आधी विचारली तर भांडण होत नाही.

टॅक्सीला मीटर नसतो, भाडं बसण्याआधी ठरवा. 'तुमची नोट खोटी आहे' म्हणून टॅक्सीवाला जी परत देतो, ती तुमची नसते. मोठी नोट देताना तिचा क्रमांक त्याच्यासमोर मोठ्याने वाचा. आणि हॉटेलच्या बिलात १८ टक्के कर लावला असेल, तर थोड्या मुक्कामाच्या परदेशी पर्यटकाला राहण्यावरचा तो कर माफ असतो, हे पासपोर्ट दाखवून सांगा.

फसलातच तर आवाज चढवण्याऐवजी 'लिब्रो दे रेक्लामासिओनेस' मागा. ही तक्रारवही प्रत्येक व्यवसायात ठेवणं कायद्याने बंधनकारक आहे. त्यात पासपोर्ट क्रमांकासह लिहा आणि प्रत घ्या. आयपेरू या सरकारी पर्यटन सेवेच्या माहिती केंद्रात मदत फुकट मिळते. चोरी झाली असेल तर पर्यटक पोलिसांकडे 'देनुन्सिया', म्हणजे लेखी तक्रार, नोंदवा, प्रवास विम्याचा दावा करताना तोच कागद मागतात.