माल माझ्या गालात आहे, सील करून नेता का?

मी एका सहकारी बँकेत कॅशियर आहे, १९ वर्षं. पाचशेची खोटी नोट मला बोटांनाच कळते, उजेडात धरायची गरज पडत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून "बाई भोळी दिसतेय" असं कोणी म्हणायला नको. भोळी नाही. तरी ३८,५०० रुपये मोजून मी दोन्ही गालांत काय भरून घेतलं, ते आजही मला ठाऊक नाही.

शहराचं नाव लिहीत नाही. पार्लरवालीची मुलगी माझ्या मुलीच्या वर्गात आहे, आणि सासूबाईंना अजून "दाढेचं दुखणं" एवढंच माहीत आहे.

नटायची हौस म्हणून गेले नव्हते. गेल्या वर्षी टायफॉईड झाला, नऊ किलो वजन उतरलं, आणि ते पोटावरून उतरायचं सोडून आधी गालांवरून उतरलं. काउंटरवर रोज कोणीतरी विचारायचं, "मॅडम, बरं नाही का?" एका पेन्शनर आजोबांनी तर पासबुकाबरोबर काचेखालून अंगाऱ्याची पुडी सरकवली. त्या पुडीनं माझं डोकं फिरलं, बाकी कशानं नाही.

पार्लर अकरा वर्षांच्या ओळखीचं. ती मला काकू म्हणते. "काकू, मुंबईहून डॉक्टर मॅडम येतात, महिन्याच्या दुसऱ्या रविवारी. तुमच्या गालांना फिलर मस्त होईल. बाहेर एका सिरिंजला पंचवीस-तीस हजार घेतात, आपल्याकडे तीन सिरिंजचं पॅकेज अडतीस-पाचशे." फिलर म्हणजे गाल भरलेले दिसावेत म्हणून कातडीखाली टोचायचं जेल. पाचशेची नोट कोणी अडीचशेला देऊ लागलं तर मी बेल दाबून मॅनेजरला बोलावते. इथे मी ५,००० बुकिंगचे पाठवून मोकळी झाले. तिच्या व्हॉट्सॲपवर "एफडीए ॲप्रूव्हड", म्हणजे अमेरिकेच्या औषध खात्यानं मान्य केलेलं, असं सोनेरी अक्षरांत होतं. अहो, मान्यता त्या फिलरला असते, तीही ठरावीक जागेत, ठरावीक वयाच्या माणसात वापरायला. टोचणाऱ्या बाईला अमेरिकेतल्या एफडीएनं मान्यता दिलेली नसते. हे आता कळतं.

आता तो क्षण, जो मी रोज रात्री पुन्हा पाहते.

पार्लरच्या मागच्या खोलीत, जिथे एरवी वॅक्सिंग चालतं, तिथे मला आडवं केलं. तोंडाला बधिर करायचं क्रीम लावलं, म्हणून चष्मा काढून ठेवला. माझा नंबर जवळचा आहे, प्लस दोन. त्याच अवस्थेत दोन पानांचा इंग्रजी फॉर्म पुढे आला आणि मी सही केली. स्लिपवरची सही जराशी हलली तरी मी गिऱ्हाइकाला परत पाठवते, आणि इथे न वाचता सही. मी म्हटलं, "बॉक्स दाखवा." म्हणजे अगदीच झोपले नव्हते, एवढं तरी लक्षात घ्या. बाईंनी हसून बॉक्स दाखवला. जांभळ्या कडांचा, छान छापलेला. झाकण उघडलं, आणि ते आवाज न करता उघडलं. नवीन बॉक्सचं सील फाटतं, त्याला आवाज असतो. आत सिरिंजच्या आकाराचा प्लास्टिकचा खळगा होता, रिकामा. शेजारी स्टीलच्या ट्रेमध्ये सिरिंज आधीच भरून ठेवलेली. साधी, पांढरी, औषधाच्या दुकानात दहा रुपयांना मिळते तसली. अंगावर एक अक्षर नाही. मी विचारलं, "ही त्यातलीच ना?" त्या म्हणाल्या, "हो मॅम, वेळ वाचावा म्हणून आधीच काढून ठेवलीय."

खरं फिलर कंपनीकडूनच सिरिंजमध्ये भरून, सीलबंद येतं. बहुतेक एक मिलिलीटरचं. ते दुसऱ्या सिरिंजमध्ये काढून ठेवायचं काही कारणच नाही. आणि मला तीन सिरिंज सांगितल्या होत्या, टोचलं एकाच जाड सिरिंजमधून, इकडच्या गालात निम्मं, तिकडच्या गालात निम्मं. मी मनात मोजलंही. मोजणं हाच माझा धंदा आहे. मोजलं, चुकलं हे कळलं, आणि गप्प पडून राहिले, कारण तोंड बधिर होतं, ५,००० गेलेले होते आणि पार्लरवाली माझा हात धरून "काकू, झालंच हं" म्हणत होती.

उरलेले पैसे: २१,५०० रोख, १२,००० यूपीआयनं. यूपीआयवर नाव आलं एका लेडीज कॉर्नरचं, डॉक्टरचं नाही. बिल मागितलं तर "बिल हवं तर अठरा टक्के जीएसटी वरून पडेल मॅम." मी म्हटलं राहू द्या. कॅशियर असून रोख दिले आणि पावती सोडली. नवऱ्यानं हे वाक्य मला आतापर्यंत किमान चाळीस वेळा ऐकवलंय.

आठवडाभर सूज. "नॉर्मल आहे मॅम, बर्फ लावा." दहा-बारा दिवस खरंच बरं दिसलं, तेवढं कबूल करते; बँकेत दोघींनी पत्तासुद्धा विचारला. नशीब मी दिला नाही. तिसऱ्या आठवड्यात उजव्या गालात साबुदाण्यासारखं काहीतरी हाताला लागू लागलं. महिन्याभरात तो हरभरा झाला, डाव्या गालातही दुसरा. "मसाज करा." केला. मग "रिपेअर सेशन" म्हणून आणखी ६,५०० रोख घेतले आणि काहीतरी टोचलं; काय ते विचारलं तर "विरघळवायचं इंजेक्शन." फरक शून्य. त्यानंतर नंबर ब्लॉक. पार्लरवाली म्हणाली, "काकू, मी फक्त जागा भाड्यानं दिली होती. त्यांचं मला काय माहीत?" अकरा वर्षं माझ्या भुवया केल्या हिनं.

मग गेले खऱ्या त्वचारोगतज्ज्ञांकडे, जिथे आधीच जायला हवं होतं. त्यांनी पाच प्रश्न विचारले. कोणतं फिलर, कोणत्या कंपनीचं, बॅच नंबर काय, किती मिलिलीटर, तारीख कोणती. मला एकाचंच उत्तर देता आलं, तारखेचं.

त्यांनी सांगितलेलं माझ्या शब्दांत. साधारण वापरलं जाणारं फिलर हायलुरॉनिक ॲसिडचं असतं. शरीर ते सहा महिने ते दीड वर्षात जिरवतं, आणि बिघडलंच तर हायलुरॉनिडेज नावाच्या इंजेक्शननं ते विरघळवता येतं. सिलिकॉन किंवा तसलं कायमचं काही भरलं असेल तर त्यावर हे इंजेक्शन चालत नाही. ज्या ठिकाणी फिलर करतात तिथे हायलुरॉनिडेज त्याच क्षणी हाताशी असलंच पाहिजे. कारण सुई रक्तवाहिनीत गेली आणि वाहिनी बंद झाली तर वरची कातडी मरते. नाक आणि दोन भुवयांच्या मधली जागा सगळ्यात वाईट, तिथून डोळाही जाऊ शकतो. टोचल्यावर कातडी एकदम पांढरी पडली, निळसर जाळी दिसली, सहन होणार नाही असं दुखलं, किंवा नजर अंधुक झाली, तर बर्फ लावून घरी बसायचं नाही, त्याच तासाला डॉक्टर गाठायचा. माझ्या पार्लरच्या खोलीत हाताशी काय होतं? वॅक्स गरम करायचं भांडं.

मी रक्त पातळ ठेवायची गोळी घेते का, गरोदर आहे का, दातांचं काही काम चाललंय का, कुठला संसर्ग आहे का, हे सगळं सुईआधी विचारायचं असतं. मला विचारलं होतं, "मॅम, चहा घेणार?"

हायलुरॉनिडेजच्या दोन बैठका झाल्या. डावी गाठ निम्मी झाली, उजवी तशीच आहे. ती काय आहे हे नक्की कळायला तुकडा काढून तपासावा लागेल, त्याचा व्रण गालावर राहील. अजून ठरवलेलं नाही. हिशोब मात्र पक्का आहे: पॅकेज ३८,५००, रिपेअर ६,५००, तपासणी फी २,४००, सोनोग्राफी २,६००, दोन बैठका १५,०००, औषधं १,८७०. एकूण ६६,८७०.

आता खिडक्या. पहिली खिडकी पोलिसांची. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "चेहरा तर चांगला दिसतोय ताई." मी त्यांचा हात धरून गालाला लावणार होते. मग म्हणाले, "तुम्ही स्वतःहून गेला होतात ना? बिल आहे? डॉक्टरच्या निष्काळजीपणात आधी मेडिकल ओपिनियन लागतं." मी म्हटलं, साहेब, ती डॉक्टरच नाही. "मग फसवणूक दुसऱ्या हद्दीतली, पैसे मुंबईच्या खात्यात गेलेत." गुन्हा नाही, अर्ज घेतला. पोच मागितली तर शिक्का सापडेना. पाऊण तास बसून शिक्का सापडवला.

दुसरी खिडकी डॉक्टरांची नोंदणी पाहणाऱ्यांची. बाईंचं नाव यादीत नाही, म्हणून "आमच्या कक्षेत येत नाही." म्हणजे नोंदणी नसणं हाच गुन्हा, आणि नोंदणी नसल्यामुळे तक्रार घेता येत नाही! तिसरी खिडकी औषधांची. "सीलबंद नमुना आणा, त्याशिवाय तपासणी होणार नाही." मी म्हटलं, माल माझ्या गालात आहे, सील करून नेता का? शेजारचा क्लार्क हसला. मला हसू आलं नाही, मी अर्धा दिवस रजा टाकून गेले होते. चौथ्या खिडकीनं बोगस डॉक्टर शोधायची समिती असते असं सांगितलं, आणि समितीची बैठक कधी ते विचारलं तर पहिल्या खिडकीकडे परत पाठवलं. सहा अर्ज, सहा पोच, एकही फोन नाही. आणि हे लोक आमच्या बँकेत आले की दोन मिनिटं रांग थांबली तर तक्रारवही मागतात.

ग्राहक आयोग उरला आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टानं १९९५ सालीच सांगितलंय. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, घटनेपासून दोन वर्षांची मुदत, तक्रार ऑनलाइन भरता येते, चौकशीला १९१५ नंबर. पण माझ्याकडे पुरावा आहे १७,००० चा. रोख दिलेल्या २८,००० ना माझ्याशिवाय साक्षीदार पार्लरवाली, आणि ती काय सांगणार ते दिसतंच आहे. रोख देऊ नका. बिलाचा जीएसटी निमूट भरा.

टोचणाऱ्या डॉक्टरचा नोंदणी क्रमांक आधी मागा, महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या यादीत घरी बसून शोधा. भिंतीवरचं सर्टिफिकेट वाचा, चष्मा लावून. मी बुकिंगच्या दिवशी मोबाईलवर काढलेला फोटो नंतर मोठा करून पाहिला. त्यावर "सहभाग" असं होतं. दोन दिवसांच्या कार्यशाळेत सहभाग! बॉक्स तुमच्या डोळ्यांदेखत फोडायला लावा, त्यावर आयात परवान्याचा नंबर आणि आयातदाराचा पत्ता पाहा, आणि आत बॅचचे चिकटवायचे स्टिकर येतात त्यातला एक मागून घरच्या फाइलला लावा. स्टिकर आधीच काढलेले असतील तर तो बॉक्स कुणाच्या तरी गालात जाऊन आलेला आहे. सुईशिवाय, हवेच्या दाबानं फिलर आत मारणाऱ्या पेनानं भरतो म्हणाले तर चपला घाला आणि निघा.

परवा बँकेतून येताना मुद्दाम त्या रस्त्यानं आले. पार्लरबाहेर नवीन फ्लेक्स आहे: "या रविवारी लिप फिलर, दोघी आल्यास एकीला निम्मं." तारीख दिसेल असा फोटो काढला आणि सातव्या अर्जाला जोडला. तो अर्ज उद्या पहिल्या खिडकीवर देणार आहे. शिक्का कुठल्या ड्रॉवरमध्ये असतो ते मला आता माहीत आहे.