कोकणातली मोकळी जागा: फुलपाखरांना द्यावी की धनेशाला?

गावच्या घरामागची जागा पशुपाखरांसाठी राखायची, देशी झाडंच लावायची, इथपर्यंत ठरलं असेल तर पुढचा प्रश्न कुणासाठी लावायची हा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात दोन पर्याय खरोखर विचार करण्यासारखे आहेत: फुलपाखरांच्या अळ्यांना लागणारी झुडपं-वेली, किंवा धनेश (हॉर्नबिल) पक्ष्याला फळं देणारी मोठी झाडं.

फुलपाखरांची बाग दोन-तीन गुंठ्यांतही होते आणि लवकर बोलू लागते. लिंबू किंवा माकडलिंबू लावलं, की ब्लू मॉर्मन, म्हणजे २०१५ पासूनचं आपलं राज्य फुलपाखरू, अंडी घालायला येऊ शकतं. कुंपणावर सापसंदीची वेल चढवली तर क्रिमझन रोज, आणि घाटाच्या पायथ्याशी घर असेल तर सदर्न बर्डविंग ही फुलपाखरंसुद्धा येऊ शकतात. या दोघांच्या अळ्या त्या वेलीच्या कुळाबाहेरचं काही खात नाहीत, म्हणून वेल गेली की तेही गेले. मधासाठी दिंडा, पेंटगुळ, भूतकेस पुरेत. घाणेरीवर फुलपाखरं बसतात म्हणून ती ठेवू नका, ती बाकी सगळं गिळते. वेल घेताना रोपवाटिकेत नीट विचारा, कारण त्याच कुळातल्या शोभेच्या परदेशी वेलीही विकायला असतात. आणि सापसंदीची मुळी घरगुती औषधात अजिबात वापरू नका, तिच्यातल्या द्रव्यानं मूत्रपिंडं कायमची निकामी होऊ शकतात.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. परसात येणारी बहुतेक फुलपाखरं आज संकटात नाहीत. धनेशाचं तसं नाही. त्यातला महाधनेश २०१८ पासून आययूसीएनच्या, म्हणजे धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे, आणि कोकणात दिसणारा मलबारी कवड्या धनेशही धोक्याच्या उंबरठ्यावर आहे. कारण डोळ्यांसमोर आहे: खाजगी मालकीची जंगलं तुटून काजू, रबर, अननस लागतात, नाहीतर लाकूडफाट्याला जातात. धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि महाधनेशाच्या बाबतीत तीन-चार महिने आतच राहते. तेवढे दिवस नर फटीतून फळं पुरवतो. त्या काळात आसपास फळ नसलं तर सगळं कुटुंबच धोक्यात.

म्हणून त्याच्यासाठी वड, पायर, नांद्रुक, उंबर असं मिश्रण लावायचं. प्रत्येक झाड आपापल्या वेळी फळतं, त्यामुळे एक संपलं तरी दुसऱ्यावर काही मिळण्याची आशा राहते. वड-पायरीची मनगटाएवढी जाड फांदी पावसाच्या तोंडावर रोवली तरी जगते, रोपापेक्षा लवकर वाढते. पण घर, विहीर आणि शेजाऱ्याची हद्द यांपासून लांब, मुळं भिंती फोडतात. काजऱ्याची फळंही धनेश खातो, मात्र त्याच्या बिया माणसाला विषारी आहेत, मुलं खेळतात तिथे तो नको. फळं धरायला वर्षं लागतील. ढोली होण्याइतका बेहडा किंवा सातवीण तयार व्हायला तर दशकं जातात, ते आपल्या लागवडीनं भरून निघत नाही.

माझं मत असं. जागा पाच गुंठ्यांच्या आत किंवा भर वस्तीत असेल तर फुलपाखरांची बाग करा. जागा मोठी असून जवळ देवराई किंवा जंगलाचा पट्टा असेल तर वड-पायरी लावा, आणि त्यांच्या कडेला सापसंद-दिंडा बसवता आला तर उत्तमच. दोन्हीकडे फवारणी बंद, पालापाचोळा जाळणं बंद.

आणि जागेत आधीच जुना बेहडा, सातवीण किंवा पोकळ आंबा उभा असेल, तर काय लावू हा विचार नंतरचा. ठेकेदार वखारीसाठी भाव सांगायला येईल, भाऊबंदांत वाटणी निघेल. ते झाड तोडायचं नाही हे सगळ्या हिस्सेदारांशी बोलून आधी लेखी ठरवा, मग कुदळ हातात घ्या.